सॅक्सनीच्या ढालीवरचे काळे-सोनेरी पट्टे: वेटिन घराण्याचे की दुसऱ्याच कुणाचे?

शिक्कामोर्तब

जर्मनीतल्या वेटिन घराण्यावर मराठीत जे काही लिहिलं जातं त्यात एक वाक्य हमखास सापडतं: काळ्या-सोनेरी आडव्या पट्ट्यांवर तिरपी हिरवी माळ, हे वेटिन घराण्याचं कुलचिन्ह. हे वाक्य १४२३ नंतरच्या, म्हणजे वेटिनांना सॅक्सनी मिळाल्यानंतरच्या, काळापुरतं चालेल. त्याआधीच्या वेटिनांना ते लावणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. १४२३ पूर्वीच्या वेटिन सत्ताधीशांच्या चित्रांत, नकाशांत, वंशावळींत ही ढाल बिनदिक्कत चिकटवलेली दिसते. चारशे वर्षं ज्या घराण्याने ते पट्टे पाहिलेसुद्धा दुसऱ्याच्या ढालीवर, त्याच्या मूळपुरुषाच्या हातात ती ढाल कशी येईल?

म्हणून हा धागा. पट्टे मुळात कुणाचे, माळ कसली, वेटिनांची स्वतःची ढाल कोणती, आणि पट्टे मोजायचे कसे, हे सगळं एका जागी यावं. माहीतगारांनी हात आखडता घेऊ नये.

एल्बेकाठी
*आधी घराणं, मग ढाल*

घराण्याचा ठावठिकाणा आधी पक्का करू, म्हणजे ढालीचं कोडं आपोआप उलगडेल.

वेटिन हा साले नदीकाठचा किल्ला, हाले शहराच्या थोडा उत्तरेला. घराण्याचे खात्रीचे पूर्वज दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिसतात. मेर्सेबुर्गचा बिशप थिएटमार याच्या बखरीत डेडी नावाचा काउंट येतो (मृत्यू १००९), आणि थिएटमार त्याला 'बुझिकी' कुळातला म्हणतो. त्याच्याही मागे जाऊन थेट विडुकिंडपर्यंत, म्हणजे शार्लमेनशी लढलेल्या सॅक्सन पुढाऱ्यापर्यंत, वंशावळ नेणारे लोक आहेत. ती जोडणी मध्ययुगाच्या अखेरीस दरबारी इतिहासकारांनी केली. तिला समकालीन कागदाचा आधार नाही.

पुढचा टप्पा १०८९. या घराण्यातल्या आयलेनबुर्गच्या हाइनरिशला माइसेनची मार्क मिळाली. मार्क म्हणजे सरहद्दीचा सुभा आणि मार्कग्राफ म्हणजे त्याचा सुभेदार. मग कोनराड 'थोर': ११२३ पासून माइसेन, ११३६ मध्ये लाउझिट्स. ११५६ मध्ये राज्य मुलांत वाटून तो मठात गेला आणि पुढच्याच वर्षी वारला. त्याच्या मुलाच्या, ओटोच्या, काळात ११६८ च्या सुमारास फ्राइबेर्गला चांदी सापडली. त्या चांदीने हे घराणं खऱ्या अर्थाने उभं केलं, म्हणूनच ओटोला 'श्रीमंत' हे उपनाव.

एक गोष्ट मात्र बहुतेक लेखांतून निसटते. वेटिनचा किल्ला १२८८ मध्ये माग्देबुर्गच्या आर्चबिशपकडे गेला. म्हणजे ज्या किल्ल्याचं नाव घराण्याला चिकटलं तो त्यांच्याकडे उरला नाही. आजही तो सॅक्सनी राज्यात नसून शेजारच्या सॅक्सनी-आनहाल्टमध्ये आहे.

निशाचर

वाचनखूण साठवली. सावकाश वाचतो.

पट्टेरी
*पट्टे आस्कानियन घराण्याचे*

धागाकर्त्याशी पूर्ण सहमत. आता नावानिशी सांगतो.

११८० मध्ये सम्राट फ्रीडरिश बार्बारोसाने हाइनरिश 'सिंह' या बलाढ्य ड्यूकची सॅक्सनी काढून घेतली आणि ती डची, म्हणजे ड्यूकचा मुलूख, फोडली. पूर्वेकडचा तुकडा आणि ड्यूक हा किताब मिळाला बर्नहार्डला. हा आल्ब्रेख्ट 'अस्वल' याचा मुलगा, आस्कानियन घराण्यातला. या घराण्याचं जुनं ठाणं हार्झ डोंगराच्या पायथ्याचं बालेनश्टेट, आणि काळे-सोनेरी आडवे पट्टे ही बालेनश्टेटची खूण. त्या पट्ट्यांवर हिरवी माळ तेराव्या शतकातल्या शिक्क्यांवर दिसू लागते. पुढे या घराण्याच्या सॅक्सनीतच दोन शाखा झाल्या, विटेनबेर्ग आणि लाउएनबुर्ग. १३५६ च्या 'सुवर्ण फर्माना'ने सम्राट निवडायचा हक्क विटेनबेर्गला दिला.

नोव्हेंबर १४२२ मध्ये विटेनबेर्गचा शेवटचा ड्यूक आल्ब्रेख्ट तिसरा निपुत्रिक गेला. लाउएनबुर्गच्या भाऊबंदांनी वारसा सांगितला, पण राजा सिगिस्मुंडला हुसाइट बंडखोरांविरुद्ध लढणारा माणूस हवा होता. ६ जानेवारी १४२३ रोजी त्याने डची आणि इलेक्टरपद (म्हणजे सम्राट निवडायचा तो हक्क) माइसेनचा मार्कग्राफ फ्रीडरिश 'झुंजार' याला दिलं. हा वेटिन. त्या दिवशी वेटिनांना किताब मिळाला, प्रांत मिळाला, 'सॅक्सनी' हे नाव मिळालं आणि त्याबरोबर ढालही. रक्ताचं नातं शून्य.

लाउएनबुर्गवाल्यांनी दावा हरल्यावरही पट्टे आणि माळ सोडली नाही. १६८९ मध्ये शाखा संपेपर्यंत त्यांनी ती ढाल वापरली. त्यामुळे १४२३ ते १६८९ या काळातल्या एखाद्या दगडावर नुसते पट्टे आणि माळ दिसली म्हणून 'वेटिन' असं लिहून मोकळं होऊ नका.

शाईची दौत

मग 'सॅक्सनी' हे नाव एल्बे नदीच्या वरच्या अंगाला कसं आलं हेही इथेच कळतं. मूळ सॅक्सन लोकांचा मुलूख वायव्येला, आजच्या नीडरझाक्सनकडे. ११८० नंतर नाव सरकलं विटेनबेर्गला आणि १४२३ नंतर माइसेन-ड्रेस्डेनकडे. नाव किताबाला बांधलेलं होतं, आणि किताब जिकडे गेला तिकडे ते गेलं.

गोदाकाठ
*वेटिनांची स्वतःची ढाल*

मूळ प्रश्नातला हा भाग अजून कुणी घेतला नाही, म्हणून.

माइसेनची ढाल: सोनेरी पार्श्वभूमीवर काळा सिंह, मागच्या पायांवर उभा, जीभ आणि नखं लाल. १४२३ पूर्वीचा मार्कग्राफ दाखवायचा असेल तर हीच ढाल द्यावी.

लान्ड्सबेर्गची (ही वेटिनांची आणखी एक मार्क) ढाल: सोनेरी पार्श्वभूमीवर दोन निळे उभे खांब. लाइपझिग शहराच्या चिन्हात डावीकडे माइसेनचा सिंह आणि उजवीकडे हे खांब आजही आहेत (डावं-उजवं इथे बघणाऱ्याचं). ड्रेस्डेनचं चिन्ह जवळजवळ तसंच, पण खांब काळे. दोन शहरांच्या चिन्हांत गल्लत होते ती इथेच: निळे असतील तर लाइपझिग, काळे असतील तर ड्रेस्डेन.

थ्युरिंगियाची ढाल: निळ्या पार्श्वभूमीवर लाल-चंदेरी पट्ट्यांचा सिंह, डोक्यावर सोनेरी मुकुट. १२४७ मध्ये थ्युरिंगियाचा लान्डग्राफ, म्हणजे तिथला सत्ताधीश, हाइनरिश रास्पे निपुत्रिक गेला, तेव्हा माइसेनच्या हाइनरिशने, तो त्याचा भाचा, वारसा सांगितला. १२६४ पर्यंत वारसायुद्ध चाललं. थ्युरिंगिया वेटिनांकडे आली आणि हेसन वेगळं झालं. दोघांनी सिंह तोच ठेवला. म्हणून आजही हेसन आणि थ्युरिंगिया या दोन राज्यांच्या चिन्हांवर एकाच जातीचा पट्टेरी सिंह आहे. हेसनचा पहिला पट्टा चंदेरी, थ्युरिंगियाचा लाल. थ्युरिंगियाच्या सिंहाभोवती आठ चांदण्या असतात, त्या आधुनिक.

मोजणीदार
*पट्टे नऊ आहेत*

इथे सगळे बोलतायत, पण पट्ट्यांचा आकडा कुणी सांगत नाही. सॅक्सनीच्या २७ मे १९९२ च्या संविधानात दुसऱ्या कलमात स्पष्ट नऊ हा आकडा आहे. तरी चित्रांत दहा काढलेले दिसतात. चित्रकारांनी संविधान वाचावं, एवढीच विनंती.

पट्टेरी
*@मोजणीदार*

कलम बरोबर, अर्थ चुकला. तिथला शब्द आहे 'नॉइनमाल गेटाइल्ट', म्हणजे *नऊ वेळा विभागलेलं*. भाकरीवर समांतर नऊ काप दिले तर तुकडे किती होतात? दहा. पाच काळे, पाच सोनेरी, वरून पहिला काळा आणि तळाचा सोनेरी. जर्मन ब्लेझन रेषा मोजतं आणि इंग्रजी ब्लेझन तुकडे मोजतं. त्यामुळे इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्याला 'दहा' मिळतात, जर्मनमधून करणाऱ्याला 'नऊ', आणि दोघं एकमेकांना चूक ठरवतात.

पडताळ्याची सोपी युक्ती: वरचा पट्टा आणि तळाचा पट्टा एकाच रंगाचे आले तर मोजणी चुकली. दहा पट्ट्यांत ते वेगळेच यायला हवेत.

ब्लेझन ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी: ढालीचं शब्दांत केलेलं नेमकं वर्णन म्हणजे ब्लेझन. कायदेशीर वजन त्या वर्णनाला असतं, चित्राला नाही.

मोजणीदार

काप आणि तुकडे. समजलं, आणि पक्कं बसलं. 'नऊ' मागे घेतो. भाकरीबद्दल विशेष आभार.

गोदाकाठ

याला एक पुरवणी. हे दहा पट्टे उत्तरकाळचे. मध्ययुगात पट्ट्यांची संख्या बांधलेली नव्हती. शिक्का लहान असेल तर कोरणारा सहा-आठांवर भागवायचा, आणि त्यामुळे ढाल वेगळी ठरत नव्हती. तेराव्या शतकातल्या शिक्क्यावर आठ पट्टे दिसले म्हणून 'ही दुसरी शाखा' असा निष्कर्ष काढू नये. शाखा ओळखायची ती शिक्क्याच्या कडेवरच्या मजकुरावरून.

क्रम मात्र आज महत्त्वाचा आहे. सॅक्सनीत काळा पहिला. सॅक्सनी-आनहाल्टच्या चिन्हात सोनेरी पहिला, कारण ती प्रशियाच्या सॅक्सनी प्रांताची ढाल आणि ती मुद्दाम उलट क्रमाने ठेवलेली. त्याच चिन्हात कोपऱ्यात प्रशियाचा गरुड आणि खाली लाल भिंतीवर चालणारं आनहाल्टचं काळं अस्वल.

सतापाचं रोप
*माळ कसली?*

जर्मन शब्द 'राउटेनक्रान्ट्स'. 'क्रान्ट्स' म्हणजे माळ किंवा पानांची वेणी. घोटाळा 'राउटे'चा. या शब्दाचे जर्मनमध्ये दोन अर्थ आहेत. एक चौकट, म्हणजे शंकरपाळ्याचा आकार. बव्हेरियाच्या निळ्या-पांढऱ्या ढालीवर असतात त्या 'राउटेन' याच. दुसरा अर्थ वनस्पती, लॅटिन 'रुटा'. आपल्याकडे अंगणात लावतात तो सताप. उग्र वासाचा, बारीक निळसर-हिरव्या पानांचा.

ढालीवरची माळ या दुसऱ्या राउटेची. मराठीत कुणी 'चौकटींची माळ' किंवा 'हिऱ्यांची माळ' असं लिहिलं असेल तर ते शब्दकोशातला पहिला अर्थ उचलल्यामुळे. 'सतापाची माळ' म्हणावं. ढालीवरची पानं सतापासारखी दिसत नाहीत, ती मुकुटावरच्या तीन पाकळ्यांच्या पानांसारखी काढतात, पण नाव तेच.

इंग्रजी-फ्रेंचमध्ये हिला 'क्रान्सेलिन' म्हणतात, आणि तो शब्दही जर्मन 'क्रेन्ट्सलाइन', म्हणजे छोटी माळ, यावरूनच गेला.

शाईची दौत

सताप! आजीच्या पिढीच्या बटव्यातली वनस्पती सॅक्सनीच्या राजाच्या ढालीवर. मजा आली.

आणि ती बार्बारोसाची गोष्ट? उन्हाचा कडाका होता, सम्राटाच्या डोक्यावर पानांची माळ होती, बर्नहार्डने आपल्या भावांपेक्षा वेगळी खूण मागितली, तेव्हा सम्राटाने माळ काढून ढालीवर तिरपी टाकली. खरी की रचलेली?

पट्टेरी

रचलेली. तिला बर्नहार्डच्या काळचा आधार नाही, आणि अशा गोष्टी युरोपातल्या पुष्कळ ढालींना नंतर जोडल्या गेल्या. ऑस्ट्रियाच्या लाल-पांढऱ्या-लाल ढालीची रक्ताने भिजलेल्या अंगरख्याची कथा त्याच जातीची.

पण गोष्टीत एक बी खरं असू शकतं: 'भावांपेक्षा वेगळी खूण'. एकाच घराण्याच्या दोन शाखांनी एकच ढाल वापरली तर रणांगणावर आणि दस्तावर घोळ होतो. म्हणून धाकटी किंवा नवा किताब मिळालेली शाखा ढालीवर काहीतरी आडवं टाकते: पट्टी, किनार, माळ. हिरवी माळ ही अशी भेदखूण असावी हे मला सर्वांत सयुक्तिक वाटतं.

गोदाकाठ

इथे मी थोडा असहमत. नुसती भेदखूणच हवी असती तर साधी तिरपी पट्टी पुरली असती आणि कोरायलाही सोपी होती. मुद्दाम पानांची वेणी निवडली याचा अर्थ तिला मानाचं वजन होतं. डोक्यावर घालायची वेणी ही त्या काळी दर्जाची खूण होती, आणि नवा ड्यूक तो दर्जा ढालीवर मिरवत होता. ढालीवरच्या माळेचा वरचा काठ मुकुटासारखाच काढतात, हे सहज घडलेलं वाटत नाही.

पट्टेरी

दोन्ही एकत्र असू शकतं. मानाची वेणी हीच भेदखूण. यावर मी अडून बसणार नाही.

टांकसाळ
*नाण्यावर रंग नसतो, मग ओळखायचं कसं?*

जुन्या जर्मन नाण्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांच्यासाठी हा भाग उपयोगाचा.

सतराव्या शतकापासून कोरीव कामात रंग रेषांनी दाखवायची पद्धत रुळली. सिल्वेस्टर पेट्रा सांक्टा या जेझुइट पाद्र्याच्या १६३८ च्या ग्रंथाने ती सर्वत्र नेली. सॅक्सनीच्या ढालीपुरतं लक्षात ठेवायचं ते एवढं: ठिपके म्हणजे सोनेरी, उभ्या-आडव्या रेषांची जाळी म्हणजे काळा, डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरक्या रेषा म्हणजे हिरवा. नुसत्या उभ्या रेषा लाल, नुसत्या आडव्या निळा, आणि मोकळी जागा चंदेरी. बघणाऱ्याच्या डाव्या-उजव्याने सांगतोय.

चुका कुठे होतात? एक, झिजलेल्या नाण्यावर ठिपके आधी पुसले जातात, मग सोनेरी पट्टा मोकळा दिसतो आणि माणूस 'काळा-चंदेरी' लिहितो. भिंगाखाली प्रकाश बाजूने, अगदी तिरपा टाकला तर कोपऱ्यात तीन-चार ठिपके बहुधा सापडतात. दोन, काळ्याच्या जाळीतल्या उभ्या रेषा बुजल्या तर उरलेल्या आडव्या रेषांमुळे पट्टा निळा वाटतो. तीन, १६३८ पूर्वीच्या नाण्यावरच्या रेषा आणि ठिपके ही नुसती सजावट असते. तिथे हे कोष्टक लावलं की हमखास चुकीचं उत्तर येतं.

टांकसाळ
*तलवारींवरून काळ ठरवा*

वरचंच पुढे. सॅक्सनीच्या इलेक्टरकडे साम्राज्याचा 'महामार्शल' हा मान होता. त्याची वेगळी ढाल: वरचा अर्धा काळा, खालचा अर्धा चंदेरी, त्यावर दोन लाल तलवारी फुलीसारख्या. ही ढाल फक्त इलेक्टरची. काळ ठरवायला तिच्याइतकी उपयोगी दुसरी खूण नाही.

१४८५ मध्ये लाइपझिगला एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्ट या भावांनी राज्य वाटून घेतलं. थोरल्या एर्न्स्टच्या शाखेकडे इलेक्टरपद राहिलं. २४ एप्रिल १५४७ ला म्युलबेर्गच्या लढाईत सम्राट पाचव्या चार्ल्सने एर्न्स्टिनी शाखेच्या योहान फ्रीडरिशला पकडलं, आणि मे महिन्यातल्या विटेनबेर्गच्या शरणपत्राने इलेक्टरपद आल्बेर्टिनी शाखेच्या मोरिट्सकडे गेलं. म्हणजे:

एर्न्स्टिनी नाव आणि तलवारींची ढाल एकत्र असतील तर वस्तू साधारण १५४७ पूर्वीची. आल्बेर्टिनी नाव आणि तलवारी असतील तर १५४७ नंतरची. अडचण एकच: योहान फ्रीडरिश १५५४ मध्ये वारला तोपर्यंत 'जन्मजात इलेक्टर' म्हणवून घेत होता, त्यामुळे त्या सात वर्षांतल्या त्याच्या वस्तूंवर वर्ष कोरलेलं असेल तरच निकाल द्यावा. आणि १८०६ मध्ये साम्राज्य बुडालं, इलेक्टर राजा झाला, तेव्हा तलवारींचं काम संपलं. राज्याच्या मुख्य ढालीवर पट्टे आणि माळ, वर राजमुकुट, एवढंच उरलं.

निशाचर

माइसेनच्या चिनीमातीच्या भांड्यांच्या तळाशी निळ्या तलवारी असतात त्या याच का?

एल्बेकाठी

याच. कारखाना निघाला १७१० मध्ये, आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात, आणि तलवारींची खूण वापरात आली १७२२ पासून. ढालीवर तलवारी लाल, भांड्यावर निळ्या. कारण रसायनात आहे: खूण झिलईखाली रंगवायची तर रंगाला भट्टीची पूर्ण आंच सोसावी लागते, आणि कोबाल्टचा निळा ती सोसतो. त्या काळचे लाल रंग झिलईवर, कमी आंचेत भाजावे लागत, आणि मग खूण घासून काढता आली असती.

अवांतर, पण विषयाला धरून: ड्रेस्डेनमधली 'फ्युर्स्टेनझूग' ही १०२ मीटर लांब भिंत म्हणजे वेटिनांची घोड्यावरची मिरवणूक. आधी ते नुसत्या गिलाव्यावरचं कोरीव चित्र होतं, १८७६ मध्ये पुरं झालेलं. हवेने ते झिजू लागलं म्हणून १९०७ पर्यंत माइसेनच्या सुमारे २३,००० फरशांवर उतरवलं. ३५ राज्यकर्ते आहेत, सुरुवात कोनराडपासून. शेवटचा राजा फ्रीडरिश आउगुस्ट तिसरा, ज्याने १९१८ मध्ये गादी सोडली, तो त्यात नाही.

भायखळा
*ही ढाल मुंबईशी कशी जोडली जाते*

राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स आल्बर्ट हा सॅक्स-कोबुर्ग-गोथाचा, म्हणजे एर्न्स्टिनी वेटिन. भायखळ्याचं संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं ते व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम म्हणून. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. आत आल्बर्टचा मॅथ्यू नोबलने घडवलेला संगमरवरी पुतळा आहे.

माझा समज असा की व्हिक्टोरियाच्या राजचिन्हातही मधोमध हे पट्टे असणार. कुणी सांगेल का मुंबईतल्या कोणत्या इमारतीवर ते दिसतात?

गोदाकाठ
*@भायखळा*

राणीच्या चिन्हात नव्हते. सत्ताधीशाची ढाल राज्याची असते, नवऱ्याच्या घराण्याची नाही. त्यामुळे व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुंबईच्या सरकारी इमारतींवर पट्टे शोधू नका.

आल्बर्टची स्वतःची ढाल चार खणांची होती: पहिल्या आणि चौथ्या खणात ब्रिटिश राजचिन्ह भेदखुणेसकट, दुसऱ्या आणि तिसऱ्यात सॅक्सनी. मुलांना वेगळी सोय होती: ब्रिटिश राजचिन्ह, त्यावर वर तीन टोकांची पांढरी पट्टी, आणि मधोमध छोटी सॅक्सनीची ढाल. १८८६ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याच्या फौजेचा सेनापती असलेला ड्यूक ऑफ कॉनॉट याची ढाल अशीच. ११ नोव्हेंबर १९०५ ला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची पायाभरणी करणारा जॉर्ज, त्याचीही त्या दिवशी तीच: मध्यभागी पट्टे आणि माळ. पुढे तो पाचवा जॉर्ज झाला तेव्हा राजा म्हणून ती छोटी ढाल गेली, आणि १९१७ मध्ये जर्मनीशी युद्ध चालू असताना त्याने घराण्याचं नाव विंडसर केलं आणि बाकीच्यांच्या ढालींवरूनही सॅक्सनी उतरवली.

बेल्जियमच्या राजघराण्यानेही पहिल्या महायुद्धानंतर ती काढली होती. ते घराणंही सॅक्स-कोबुर्गचंच. राजा फिलिपने २०१९ मध्ये ती परत बसवली.

मडगावकर
*आणि गोंय*

गोव्याचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून सांगतो. पोर्तुगालच्या दुसऱ्या मारिया राणीने १८३६ मध्ये फेर्नांदोशी लग्न केलं. तोही सॅक्स-कोबुर्गचा, आल्बर्टचा चुलतभाऊ. त्यांचा मुलगा पाचवा पेद्रु १८५३ मध्ये गादीवर आला, मग भाऊ लुईस, मग कार्लुस, मग मानुएल, ५ ऑक्टोबर १९१० ला प्रजासत्ताक येईपर्यंत. बापाच्या बाजूने मोजलं तर ५७ वर्षं गोव्याचा राजा वेटिन होता.

आता १८८१-८२ ची 'इंडिया पोर्तुगेझा'ची लुईसची रुपिया हातात घ्या. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पोर्तुगालचं राजचिन्ह. पोर्तुगालच्या ढालीवरचे सातही किल्ले जागच्या जागी, पण पट्टे नाहीत, माळ नाही.

शिक्कामोर्तब

मडगावकर, माझ्या मूळ प्रश्नाला इतका नेमका पुरावा मला स्वतःला सुचला नव्हता. विटेनबेर्गला रक्त नसताना ढाल मिळाली, आणि लिस्बनला रक्त असताना ढाल आली नाही. दोन्हीकडे ढाल किताबाच्या मागे गेली. पट्टे आस्कानियन, आणि वेटिन त्यांचे १४२३ पासूनचे धारक.

मोजणीदार आणि भायखळा यांच्या प्रश्नांमुळे दोन मोठ्या चुका साफ झाल्या, त्यांचेही आभार. आता एकच उरलं. कुणाला ही ढाल हाताने काढायची असेल तर मापं काय घ्यावीत?

पट्टेरी
*मापं*

ढाल १०० मिमी रुंद, १२० मिमी उंच घ्या. उंचीचे दहा समान भाग, प्रत्येक १२ मिमी. ढाल खाली निमुळती होत असल्यामुळे तळाचा सोनेरी पट्टा छोट्या तुकड्याएवढाच उरतो, आणि नवशिके तो विसरून नवावर थांबतात. म्हणून बाह्यरेषा काढायच्या आधी पूर्ण आयत आखून दहा पट्ट्यांचं मोजमाप करा, मग ढालीचा आकार कापा.

माळ बघणाऱ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या बाजूला जाते. जर्मन ब्लेझनमध्ये हिला 'उजवी तिरपी' म्हणतात, कारण उजवं-डावं ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, बघणाऱ्याच्या नाही. भाषांतरातल्या 'उजवी'वर विसंबून उलटी काढलेली माळ ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. छापखान्यात चित्र उलटं झालं तरीही हेच होतं, तेव्हा छापायला देण्याआधी वरचा डावा कोपरा तपासा.

माळेचा पट्टा १२ ते १४ मिमी ठेवा, किंचित वर फुगवटा असलेली कमान करून. पानं वरच्या काठावर, आखूड देठावर. पानांची संख्या ब्लेझनमध्ये बांधलेली नाही, पण या मापाला चार-पाच पूर्ण पानं पुरतात. जास्त केली की लांबून नुसती हिरवी करवत दिसते. रंग भरताना पट्टे आधी, पूर्ण वाळू द्या, मग माळ. पोस्टर रंगातला सोनेरी पिवळा घ्या. चकचकीत सोनेरीवर हिरवा धरत नाही आणि कडा फुटतात. हिरवा गडद निवडू नका, काळ्या पट्ट्यावर तो नाहीसा होतो.

सतापाचं रोप

आणि खाली ओळ लिहिणार असाल तर: 'सॅक्सनीची ढाल. पट्टे बालेनश्टेटच्या आस्कानियनांचे, माळ सतापाची, १४२३ पासून वेटिनांकडे.' एवढी पुरे.

शिक्कामोर्तब

उतरवून घेतली. माइसेनच्या सिंहाच्या मापांसाठी वेगळा धागा काढतो, गोदाकाठ, तिथे तुम्ही लागाल.